दुखणाऱ्याचं अक्षर

माझी धाकटी बहीण तिबिलिसीत मेडिकलला आहे. शिकवणं इंग्रजीत, त्यामुळे पहिली दोन वर्षं तिचं जॉर्जियन भाजीच्या दुकानापुरतंच होतं. आता वॉर्डात जावं लागतं आणि कॉटवरच्या आजींना इंग्रजी येत नाही. "दादा, तू दिवसभर कोडच लिहितोस ना, मग या क्रियापदांचं काहीतरी करून दे." माझे चार-पाच रविवार त्यात गेले.

सुरुवात दुखण्यापासून केली. 'म्त्किवा' म्हणजे मला दुखतंय. 'ग्त्किवा', तुला दुखतंय. 'स्त्किवा', त्याला किंवा तिला. या भाषेत लिंगभेद नाहीच. सुरुवातीचं एक अक्षर बदललं की पेशंट बदलतो. आजींना विचारायचं तर 'रा ग्त्किवात?' शेवटचा 'त' अनेकवचनाचा, म्हणजेच आदराचा. इंग्रजीतून शिकताना हे सगळं उलटं वाटतं. पण 'मला दुखतं', 'मला आवडतं' म्हणणाऱ्यांना त्यात नवल काय? 'मिक्वार्खार' म्हणजे माझं तुझ्यावर प्रेम आहे. त्यातला 'खार' म्हणजे चक्क 'आहेस'. तू मला प्रिय आहेस!

मग कोडची गंमत. जॉर्जियन क्रियापद करणारा आणि ज्याच्यावर क्रिया होते तो, दोघांनाही पोटात घेतं. 'व्खेदाव', मी त्याला पाहतो. 'म्खेदाव', तू मला पाहतोस. 'मी तुला पाहतो' म्हणायचं तर 'मी'चा 'व' आणि 'तुला'चा 'ग' एकाच जागेवर येतात, आणि जागा एकच. 'ग' राहतो, 'व' गळतो: 'ग्खेदाव'. मला हा नियम फार आवडला. एका 'इफ'मध्ये बसतो.

बाकीचं इतकं सरळ नाही. काळ, अर्थ, पूर्ण-अपूर्ण हे सगळं एकत्र गुंतलेलं असल्यामुळे अकाकी शानिद्झे या व्याकरणकारांनी 'काळ' न म्हणता 'म्त्स्क्रिवी', म्हणजे रांग, असा शब्द दिला. अशा 11 रांगा, तीन गटांत. गट बदलला की वाक्यातली नामंही बदलतात.

'पात्सिएंती त्सामाल्स स्वाम्स', पेशंट औषध घेतो. 'पात्सिएंत्मा त्सामाली दालिआ', पेशंटने औषध घेतलं. 'मा' म्हणजे आपला 'ने', आणि तोही अशा झालेल्या क्रियेत येतो. 'मी' आणि 'तू' यांना आपण 'ने' लावत नाही. जॉर्जियनचे 'मे' आणि 'शेन'ही तसेच कोरडे राहतात. दोन भाषांचं नातं काही नाही, तरी हे असं. मात्र सगळं जुळत नाही. मूल रडलं हे त्यांच्याकडे 'मुलाने रडलं' असं होतं, आणि मूल आलं तेव्हा मात्र 'मा' लागत नाही. शिवाय 'स्वाम्स' आणि 'दालिआ' यांची मुळंच वेगळी, आपल्या 'जातो' आणि 'गेला'सारखी. अशी क्रियापदं मी सरळ हाताने टाइप केली.

तिसऱ्या गटासाठी मी सगळ्यात जास्त वेळ दिला. 'पात्सिएंत्स त्सामाली दाउलेविआ.' इथे पेशंटला 'ला' लागतो आणि अर्थ होतो, त्याने औषध घेतलेलं दिसतंय. बोलणाऱ्याने पाहिलेलं नाही. रिकामा ग्लास पाहून किंवा कुणाकडून ऐकून तो सांगतोय. डोस पुन्हा द्यायचा की नाही हे ठरवताना 'दालिआ' आणि 'दाउलेविआ' यांतला फरक कळायलाच हवा. वर आणखी एक मेख: पुढे 'आर' लावून नकार केला की ती शंका उरत नाही. 'आर दाउलेविआ' म्हणजे सरळ, घेतलेलं नाही. हे मी टेबलात लाल रंगात ठेवलं.

परवा तिचा व्हॉइस मेसेज आला. राउंडला एक आजोबा पांघरूण ओढत होते, तेव्हा तिने विचारलं, "ग्त्सिवात?" थंडी वाजतेय का तुम्हाला? हे क्रियापद माझ्या टेबलात नव्हतं. 'म्त्सिवा' तिने कुठेतरी ऐकलं होतं, पुढचं तिचं तिनेच जुळवलं. आजोबा 'हो' म्हणाले, आणि तिने दुसरी चादर आणून दिली.