दाराशी कोण आहे?

वकील, डॉक्टर, मास्तर, दुकानदार ही मंडळी मोठी भाग्यवान. लग्नकार्यात पंगतीला शेजारच्या पाहुण्याने "आपण काय करता?" असे विचारले, की एका शब्दात त्यांची सुटका होते. माझे तसे नाही. जावा भाषेत लिहिलेले कार्यक्रम ज्या सर्व्हरांवर चालतात ते सर्व्हर मी पुण्यात बसून सांभाळतो, आणि त्यातही माझा बराचसा वेळ त्यांचे पोर्ट नीट लावण्यात व बिघडले तर दुरुस्त करण्यात जातो. हे वाक्य ऐकवल्यावर एका वृद्ध गृहस्थांनी मोठ्या आस्थेने मला विचारले होते, "पण पुण्याला समुद्र कधी आला?" मी बंदरावर कारकून आहे, अशी त्यांची समजूत झाली होती.

तेव्हापासून मी पोर्ट हा शब्द टाकून दिला आहे. मी सांगतो, आमच्या धंद्यात घरे असतात आणि घरांना दारे असतात. ती कुणासाठी उघडायची आणि कुणासाठी लावायची, हे पाहण्याचा मला पगार मिळतो. एवढे सांगितले की बहुतेकांचे समाधान होते. फक्त अमडापूरला, बुलढाणा जिल्ह्यातल्या माझ्या गावी, माझ्या आईचे झाले नाही. पण ते पुढे येईलच.

संगणकाच्या घराला पत्ता एकच असतो, दारे मात्र ६५,५३६. शून्यापासून ६५,५३५ पर्यंत त्यांना क्रमांक दिलेले आहेत. हा विचित्र आकडा कोठून आला, हे दिवाळीत समजावून सांगणे सोपे आहे. ओट्यावर सोळा पणत्या ओळीने मांडाव्या. प्रत्येक पणती एक तर लावलेली, नाही तर विझलेली. अशा सोळा पणत्यांच्या वेगवेगळ्या रचना किती होतील, त्या मोजल्या तर बरोबर ६५,५३६ भरतात. दाराचा क्रमांक लिहायला यंत्राजवळ सोळाच पणत्यांची जागा आहे, म्हणून दारेही तेवढीच.

यांतली काही दारे जगभर ठरलेली आहेत. ८० क्रमांकाच्या दारातून वेबची पाने येतात, ४४३ मधून तीच पाने कुलूपबंद होऊन येतात, २५ मधून टपाल जाते. या क्रमांकांची वही अमेरिकेतल्या जॉन पोस्टेल नावाच्या एका दाढीवाल्या विद्वानाने वर्षानुवर्षे सांभाळली. १९९८ साली तो वारला तोपर्यंत ती त्याच्या देखरेखीखाली होती. १९९५ साली टाटू युलोनेन या फिनलंडच्या तरुणाने दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे काम करण्याची एक युक्ती लिहिली. फायली नेण्याआणण्याचे दार २१ आणि दूरच्या यंत्रात शिरण्याचे जुने दार २३. मधली २२ ची खोली रिकामी होती, ती त्याने मागितली आणि त्याला मिळाली. आज जगातले असंख्य सर्व्हर सांभाळणारी माणसे याच बावीस नंबरातून आत जातात. दोन बिऱ्हाडांच्या मधली खोली इतक्या सहज आणि पागडीवाचून मिळाल्याचे उदाहरण मला तरी दुसरे ठाऊक नाही.

जावाच्या सर्व्हरांची दारे थोडी वरच्या आळीत आहेत. युनिक्सच्या जुन्या रिवाजाप्रमाणे १०२४ च्या खालची दारे फक्त घराच्या मालकाला उघडता येतात. भाडेकरूंनी त्यापुढची घ्यावी. म्हणून टॉमकॅट नावाचा सर्व्हर ८० ऐवजी ८०८० वर बसतो. टॉमकॅट म्हणजे बोका. जेम्स डंकन डेव्हिडसन या त्याच्या कर्त्याला स्वतःची काळजी स्वतः घेणाऱ्या प्राण्याचे नाव हवे होते, म्हणून त्याने बोका निवडला. १९९९ साली सन कंपनीने तो अपाची या संस्थेला देऊन टाकला. वेबलॉजिकचे ठरलेले दार ७००१, ग्लासफिशच्या कारभाऱ्याचे ४८४८, वाइल्डफ्लायच्या कारभाऱ्याचे ९९९०. माणसाला चुलत्यांची नावे आठवू नयेत आणि हे आकडे झोपेतही यावेत, अशी या धंद्याची करणी आहे.

या दारांची एक गंमत मात्र सामान्य दारांत नाही. वाड्याचे दार घरात कुणी नसले तरी असतेच. यंत्राचे तसे नाही. एखादा कार्यक्रम "या क्रमांकावर कुणी आले तर मी ऐकतो" असे सांगून बसला तरच ते दार असते. आमच्या भाषेत त्या स्थितीला 'लिसन', म्हणजे ऐकणे, असेच म्हणतात. ऐकणारा उठून गेला की दारही गेले. मग भिंतच उरते.

हे सारे मला नीट उमगले ते अमडापूरच्या ओसरीवर, एका दिवाळीच्या आदल्या आठवड्यात.

सोयाबीन घरात आले होते. चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या गाड्या भरून वाहत होत्या. एका पतसंस्थेचे काम आमच्याकडे होते. वर्षभर पाच-पन्नास रुपये बाजूला टाकून सभासदांनी जमवलेली दिवाळीची ठेव त्या दिवशी शाखाशाखांतून वाटायची होती. सकाळी दहा वाजता तिथल्या सर्व्हरवर बसणाऱ्या मुलाचा फोन आला. "सर, सर्व्हर चालू आहे, पण कुणालाच उघडत नाही. लोक रांगेत आहेत."

आमच्या घरात फोनला नीट आवाज येतो तो फक्त ओसरीच्या पायरीवर. तिथे उभा राहून मी त्याला एकेक गोष्ट विचारू लागलो. रात्री त्याने सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला होता. बंद करण्याचा हुकूम गेला, पण जुना कार्यक्रम पूर्णपणे उठला नव्हता. कसल्याशा कामात अडकून तो तसाच ८०८० धरून बसला होता. नवा सर्व्हर आला तेव्हा त्याला "हा पत्ता आधीच वापरात आहे" असे उत्तर मिळाले. वहीत तशी नोंदही झाली. पण टॉमकॅटचा स्वभाव असा, की एवढ्यावरून तो सहसा मरत नाही. दाराशिवायच चालू राहतो. मुलाला यादीत कार्यक्रम चालताना दिसत होता, म्हणून त्याचे म्हणणे खरेच होते. आत माणूस होता. दार मात्र दुसऱ्याच्या हातात होते.

माझा आवाज चढला असावा. आई आतून आली.

"काहून रे, इतका काय वरडून राह्यला?"

मी म्हणालो, "एक जुना गडी दार अडवून बसला आहे. उठत नाही आणि नव्याला बसू देत नाही."

"मंग उठव ना त्याले," ती म्हणाली. आणि परत जाता जाता थांबून, "पन आंधी इचार तं, त्याचं काही काम राह्यलं का. कामावर बसेल मान्साले असं धक्के देऊन उठवत नसते."

आमच्या धंद्यातला पहिला नियम तिने शेव सोडता सोडता सांगितला होता. अडलेल्या कार्यक्रमाला ठार मारण्याचा हुकूम अगदी सोपा आहे. पण त्याआधी त्याचा प्रत्येक धागा कुठे थांबला आहे हे त्याच्याकडून लिहून घ्यावे, आणि मग सौम्य शब्दांत उठायला सांगून पाहावे. ते टिपण काढले तेव्हा कळले, की रात्रीची व्याजाची आकारणी संपवून देण्यासाठी तो डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहत होता. तिकडचा खोळंबा सोडवल्यावर जुना गडी आपले काम आटोपून आपणहून उठला. ८०८० मोकळे झाले. नवा सर्व्हर पुन्हा उभा केला आणि ऐकणाऱ्यांच्या यादीत तो क्रमांक दिसला. व्याज ज्याचे त्याच्या खात्यात अचूक पडले होते.

तरीही शाखांत काही उघडेना. मुख्य कचेरीत पान दिसत होते, शाखांत नव्हते. मी मुलाला विचारले, "नकार येतो की नुसती शांतता?" त्याला प्रश्नच कळला नाही. पण सारी मेख तिथे असते. एखाद्या घराची कडी वाजवावी आणि आतून पोराने ओरडून सांगावे, "बाबा घरी नाहीत!" हा नकार. माणूस लगेच दुसरीकडे जातो. यंत्राच्या दारावर कुणी ऐकत नसेल तर असा स्पष्ट नकार तत्काळ येतो. पण कडी वाजवावी आणि काहीच होऊ नये, तिष्ठत उभे राहावे आणि शेवटी कंटाळून परतावे, ही शांतता. अशी शांतता बहुधा मधल्या पहारेकऱ्याची असते. फायरवॉल आलेल्याला हाकलत नाही. त्याची हाकच आत पोचू देत नाही.

शाखांत शांतताच होती. पहारेकऱ्याची यादी उघडली तेव्हा आदल्या आठवड्यात पत्ता बदललेल्या शाखांची नावे त्यात नव्हती. ती लिहिली. पाऊण वाजता मुलाचा फोन आला, तेव्हा त्याच्या मागे माणसांचा गलका ऐकू येत होता. रांग हलली होती. दिवाळीच्या बाजाराला निघालेल्या बायाबापड्यांना आपलेच पैसे मिळायला पावणेतीन तास उशीर झाला, याची चुटपुट मला होती. पण फराळाचे सामान त्या दिवशीच घरी गेले.

आता त्याच ओसरीवरची दुसरी गोष्ट. त्या तीन तासांत आमच्या घराच्या दारातून चाळणी मागायला एक काकू आली, तार तुटलेली सांगायला एक पोरगा आला, टेकडीवरच्या बल्लाळदेवीच्या दर्शनाला आलेले एक जोडपे पाणी पिऊन गेले. दाराला ना कडी ना अडसर. आईचे वय एकोणऐंशी. आत ती एकटी राहते. आम्ही दोघे भाऊ त्या दिवाळीत ठरवूनच आलो होतो, की घराला कुलूप लावायचे आणि तिला पुण्याला न्यायचे.

संध्याकाळी मी विषय काढला. माझ्याजवळ माझ्या धंद्यातला भक्कम दाखला होता. टॉमकॅटला ८००९ क्रमांकाचे आणखी एक दार असे. पुढच्या सर्व्हरने मागच्याला आपापसांत निरोप द्यावेत म्हणून ते होते. म्हणजे स्वयंपाकघरातून माजघरात उघडणारे. पण ते आपोआप उघडे असे, आणि तेही सगळ्या दिशांना. माजघराचे दार रस्त्यावर उघडावे, तसे. २०२० च्या फेब्रुवारीत उघड झाले, की या दारातून आलेला परका माणूस आतली कागदपत्रे वाचू शकतो. दशकभराहून अधिक काळ ते तसेच होते. त्या दोषाला नाव पडले घोस्टकॅट, बोक्याचे भूत. त्यानंतरच्या आवृत्त्यांत ते दार मुळातच बंद ठेवू लागले. मी हे सारे आईला सांगितले आणि म्हणालो, "उघडे दार म्हणजे केव्हा ना केव्हा संकट. रोज मी हेच बघतो."

ती वाती वळत होती. म्हणाली, "त्या दारात कोन बसेल होतं?"

"कुणीच नाही. कुणाला ते उघडे असल्याचे ठाऊकही नव्हते."

"मंग त्याले उघडं म्हनते बापा. मी हाव ना इथं बसेल. येनाऱ्याले इचारते, कोन हाय, काय काम हाय. हे दार उघडं कसं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण नियम माझाच होता. कुणालाही नको असलेले दार बंद करावे, हे खरे. पण ज्या दारात ऐकणारा जागा आहे, आलेल्याला ओळखतो, परक्याला विचारतो आणि कुणाला ओसरीपर्यंत व कुणाला माजघरापर्यंत यायचे हे जाणतो, ते दार सुरक्षित ठेवण्याचा याहून चांगला उपाय आम्हीही अजून शोधलेला नाही. आम्ही यंत्राला शिकवतो तेही एवढेच. भीती होती ती दाराची नव्हती. ऐकणारी थकत चालली आहे, याची होती.

तेव्हा कुलपाचा बेत आम्ही रहित केला आणि ऐकणाऱ्याला सोबत दिली. माझे काम बावीस नंबरच्या दारातून कोठूनही होते. म्हणून वर्षातले चार महिने मी, चार महिने भाऊ, आणि उरलेले चार महिने शेजारची काकू रात्री निजायला, अशी वाटणी झाली. ओसरीवर दिवा लागला. मला आता पायरीवरच टेबल मांडून मिळाले आहे. फोनही तिथेच नीट लागतो.

गेल्या लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी सगळ्या आळीची दारे सताड उघडी होती. लक्ष्मी यायची, म्हणून वर्षातून एक दिवस सगळेच तसे ठेवतात. आमच्याकडे त्या दिवशी वेगळे असे काही करावे लागले नाही. पावले वाजली की आई वातीवरून नजर न काढता विचारायची, "कोन हाय?" आणि बाहेरून कुणीतरी आपले नाव सांगायचे.