रविवार मिळवून देणारा संपादक

आमच्या वसतिगृहात रविवार हा पालकभेटीचा वार. मुंबईच्या चाळींतून विरार गाडीने वडील येत, कुणाची आई वसईच्या कारखान्यातून सुटी घेऊन नव्हे, सुटी होती म्हणून येई. ज्यांच्या आया बाजारात भाजी विकत किंवा लोकांची धुणीभांडी करीत, त्यांना रविवार नव्हता. ती मुले जेवणघराच्या पायरीवर बसून इतरांचे डबे उघडताना पाहत. सुटी ही मिळवावी लागते, हे आम्ही त्या पायरीवर पाहिले. ती कुणी मिळवली, हे फार पुढे वाचले.

रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म ठाण्याचा, १८४८ चा. २०१४ पर्यंत आपला पालघर भाग ठाणे जिल्ह्यातच होता, तेव्हा त्यांना आपल्या जिल्ह्याचे म्हणण्यास हरकत नसावी. रेल्वे व टपाल खात्यांत नोकरी करून ते मांडवीच्या एका कापड गिरणीत भांडारपाल झाले आणि गिरणीचे आतले जग त्यांनी डोळ्यांनी पाहिले. सूर्य उगवताच काम सुरू, मावळल्यावर बंद. आठवड्याची सुटी नाही, पगाराला ठराविक तारीख नाही.

ते जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ पैशांअभावी अडले, तेव्हा लोखंड्यांनी ते १८८० मध्ये मुंबईस आणून पुन्हा चालविले. ज्यांच्यासाठी पत्र काढायचे त्यांतील बहुतेकांना अक्षरओळख नाही, आणि असली तरी वर्गणीस पैसा नाही. असे वृत्तपत्र चालविणे हा व्यवहार नव्हे, हट्टच म्हणावा लागेल. तो हट्ट त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही.

१८८४ च्या सप्टेंबरात परळला गिरणी कामगारांच्या सभा भरल्या व सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार झाले. मागण्या साध्या होत्या: रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार, अपघातात जायबंदी झालेल्यास भरपाई. त्याच सुमारास ‘बाँबे मिलहँड्स असोसिएशन’ ही संस्था उभी राहिली. तिला ना नियम, ना निधी, ना सभासदांची यादी, म्हणून ती खरी कामगार संघटना नव्हेच, असे काही अभ्यासक म्हणतात. म्हणोत. नियमावलीवाचून साडेपाच हजार माणसे सही करण्यास पुढे आली, हेच आम्हांस अधिक मोलाचे वाटते.

सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. त्या काळी बाईने सभेत उभे राहणे केवढे होते, हे आमच्या आजींना सांगावे लागले नसते. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली, आणि १८९१ च्या कारखाना कायद्यातही साप्ताहिक सुटी आली.

१८९७ च्या फेब्रुवारीत, मुंबईत प्लेगचे थैमान असताना रुग्णांसाठी धावपळ करीत असलेल्या नारायणरावांना त्याच रोगाने नेले. वय एकोणपन्नासच्या आतबाहेर. ‘दीनबंधु’ मात्र थांबले नाही. पुढे ते वासुदेवराव बिर्जे यांच्याकडे आले, आणि त्यांच्या निधनानंतर संपादकाच्या खुर्चीवर त्यांच्या पत्नी तानूबाई बसल्या.