कंस कुठे दिलास?

मी पुण्यात आयबी बोर्डाच्या मुलांना गणित शिकवते. माझं शिक्षण स्टेट बोर्डाचं. बारावीपर्यंत हाताशी लॉग टेबल, आणि कॅल्क्युलेटर वर्गाबाहेर. या मुलांना मात्र पहिला पेपर कॅल्क्युलेटरशिवाय सोडवायचा असतो आणि दुसऱ्याला ग्राफिंग कॅल्क्युलेटर लागतोच. एवढं महागाचं यंत्र घेऊन दिलं म्हणजे पोरगं सुटलं, असं पालकांना वाटतं. पण येणारं गणितसुद्धा बटणं दाबताना कसं चुकतं, ते मी रोज बघते.

वहीत आपण वर एक्स + १ लिहितो, आडवी रेघ मारतो, खाली एक्स − २. ती रेघच कंसाचं काम करते, म्हणून वहीत कंस द्यावा लागत नाही. मुलं तेच सरळ ओळीत टाकतात: एक्स + १ ÷ एक्स − २. यंत्र आधी भागाकार करतं. म्हणजे एक्समध्ये १ ÷ एक्स मिळवलं आणि २ वजा केले. आलेख २ पाशी तुटायला हवा, तो ० पाशी तुटतो. पोरं त्या चित्राकडे बघून खुशाल उत्तर लिहून मोकळी! मी म्हणते, एक्सच्या जागी ३ घाल. तोंडी उत्तर ४ येतं, यंत्रावर १.३३. मग कुठे कंस आठवतात. नव्या मॉडेलांवर आडव्या रेघेचा अपूर्णांक टाकायची सोय आहे, पण घाईत बोट भागाकाराच्या बटणावरच जातं. शिवाय तिथे घात टाकला की कर्सर वरच बसून राहतो. उजवा बाण दाबला नाही, तर पुढचं सगळं घातातच जमा होतं.

मायनसची गंमत वेगळीच. टीआय-८४ या ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर वजाबाकीचं बटण उजव्या कडेच्या रांगेत, तर ऋण संख्येचं खाली, एंटरच्या शेजारी. पडद्यावर दोन्ही चिन्हं जवळजवळ सारखी दिसतात. ऋणचिन्ह जरासं आखूड, इतकंच. ३ गुणिले ऋण २ करताना वजाबाकीचं बटण दाबलं, तर यंत्र सिंटॅक्स एरर म्हणून अडतं. ते परवडलं. कोऱ्या ओळीच्या सुरुवातीलाच ते दाबलं, तर यंत्र गुपचूप मागचं उत्तर पुढे जोडतं आणि त्यातून वजाबाकी करतं. तक्रार नाही, काही नाही. फक्त उत्तर चुकीचं.

ऋण ३ चा वर्ग कंसाशिवाय टाकला की −९ येतो. मुलं म्हणतात, ‘मॅम, कॅल्क्युलेटर बिघडलाय.’ बिघडलेला नसतो. आधी घात, मग ऋण, हा वहीतलाच नियम तो पाळतो. एक्सेलमध्ये तेच टाकलं तर ९ येतात, हे सांगितलं की वर्गात हमखास वाद पेटतो.

माझ्याकडे काहींच्या हातात टीआय-८४ असतो, काहींच्या हातात कॅसिओ. एकदा सगळ्यांना १ ÷ २एक्स टाकायला सांगितलं. टीआयवाल्यांना सरळ रेषा मिळाली, कारण त्याने आधी १ भागिले २ केलं आणि मग एक्सने गुणलं. कॅसिओने २एक्स एकत्र धरलं, त्यामुळे तिथे वक्र आला. दोन्ही यंत्रं आपापल्या नियमाने बरोबर. प्रश्न काय होता, हे कंस दिल्याशिवाय ठरतच नाही.

म्हणून यंत्रावर टाकायची राशी मी आधी कागदावर एका ओळीत, कंसांसकट लिहायला लावते. मुलांना ते बालवाडीचं काम वाटतं, कुरकुर करतात. करू देत.

पालकांना एकच सांगणं: यंत्र घेण्याआधी वर्गात कोणतं चालतं ते शिक्षकांना विचारा, आणि परीक्षेच्या तोंडावर मॉडेल बदलू नका.