पेटीतलं बिऱ्हाड

आमच्या कोयनाकाठच्या घरी गाय होती, बैलजोडी होती, एक कुत्रा होता आणि दुधाच्या वेळेला हमखास हजर होणारी मांजर होती. पडवीच्या टोकाला लाकडी पेटीत राहणाऱ्या सातेरी माश्यांना मात्र कुणी जनावरांत धरायचं नाही. आजी त्यांना ‘मंडळी’ म्हणायची. ‘आज मंडळी तापलीत, तिकडून जाऊ नका रे,’ असं ती सकाळीच सांगून टाकायची. आभाळ भरून आलेलं असलं किंवा फुलोरा संपलेला असला की मंडळी तापायची, एवढं साधं गणित त्यामागे होतं.

मला विचाराल तर ते एकच जनावर होतं. एकेक कामकरी माशी हंगामात जेमतेम दीड महिना जगते, राणी दोन-तीन वर्षं. म्हणजे या वर्षी पेटीत असलेली एकही कामकरी माशी पुढच्या वर्षी तिथे नसते. तरीही पेटीचा स्वभाव तोच राहतो. आमची पेटी शांत होती, पण खोडी काढलेली तिला चालायची नाही. पेटीवर बोटाने टकटक केलं की आतून एकदम ‘स्स्स’ असा आवाज यायचा, सगळ्या मिळून एकाच वेळी फुत्कारल्यासारखा. सातेरीची ही सवयच आहे. पाहुण्यांच्या पोरांना तो आवाज ऐकवणं हा आमचा आवडता उद्योग होता.

ही वसाहत अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, एका जुन्या आंब्याच्या ढोलीतून आणलेली. बरोबर शेजारच्या गावातले एक मुरलेले मधपाळ होते. त्यांनी ढोलीतली पोळी एकेक करून कापली, पिलांचे भाग लाकडी चौकटींना केळीच्या सोपटाने बांधले आणि राणीला भोकं पाडलेल्या काडेपेटीत घालून ती काडेपेटी पेटीत ठेवली. राणी आत गेल्यावर बाकीच्या आपसूक आत शिरल्या. अण्णांना वाटलं, पेटी आली म्हणजे माश्या आपल्या झाल्या.

पहिला दणका केळ्यामुळे बसला. आत्याचा मुलगा केळं खात खात अण्णांच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला आणि पेटी उघडलेली होती. एक माशी चावली, पाठोपाठ दुसरी, मग पाच-सहा जणी. ‘बिचाऱ्याला रक्त गोड,’ असं आत्या म्हणाली. खरं कारण मधपाळांनी सांगितलं. माशी नांगी मारते तेव्हा बाकीच्यांना धोका कळवणारा एक वास सोडते आणि तो पिकल्या केळ्यासारखा असतो. मधपाळ म्हणूनच पेटीजवळ केळं आणत नाहीत. नांगी लागली की ती नखाने खरवडून झटक्यात काढायची, कारण तिच्याबरोबर तुटून राहिलेली विषाची पिशवी आत विष ढकलतच असते. मग त्या जागेवर धूर द्यायचा, म्हणजे वास बुजतो. धूरही बेताने. अण्णा सुरुवातीला शेणीचा असा काही धूर करायचे की माश्यांआधी आम्हीच घर सोडू. जास्त धुराने सातेरी बिथरून चौकटींवर सैरावैरा धावते आणि मधाला धुराचा वास लागतो तो वेगळाच. शिवाय काळी घोंगडी पांघरून पेटीजवळ जायचं नाही. काळं आणि केसाळ काही दिसलं की मंडळींना अस्वल आठवतं, असं मधपाळ म्हणत. फिक्या सुती सदऱ्यातल्या माणसाच्या वाटेला त्या सहसा जात नाहीत.

एका उन्हाळ्यात अण्णांनी मधाने भरलेली चौकट उजेडात नीट बघावी म्हणून ताटासारखी आडवी धरली. पोळं त्याच वर्षीचं, कोवळं, ऊन कडक. मेण मऊ झालेलं होतंच, अख्खं पोळं चौकटीतून सुटून खाली पडलं. मधात माखलेल्या शे-दीडशे माश्या जमिनीवर वळवळत होत्या. आजीने त्यांच्यावर हलक्या हाताने पाणी शिंपडलं, काही वाचल्या. चौकट उभीच धरायची, आणि दुसरी बाजू बघायची तर उभी ठेवूनच फिरवायची, हे मग अगदी मांजरालाही कळलं असावं इतक्या वेळा घरात बोललं गेलं.

त्याहून मोठा घोळ ताईच्या लग्नात झाला. पडवीत मांडव घालायचा होता, म्हणून अण्णांनी रात्री पेटी उचलून गोठ्यामागे नेली. अंतर तीसेक पावलांचं. सकाळी माश्या नेहमीप्रमाणे बाहेर पडल्या आणि पराग, मकरंद घेऊन परतल्या त्या जुन्याच जागी! माशी घराचा पत्ता पेटीवरून ओळखत नाही, जागेवरून ओळखते. दिवसभर त्या रिकाम्या खांबाभोवती घिरट्या घालत राहिल्या आणि संध्याकाळी तिथेच झुबक्याने बसल्या. व्याही मंडळी यायच्या आत काकांनी तो झुबका सुपात झाडून पेटीत नेला, तरी बऱ्याच गेल्या. पेटी हलवायची तर रोज हातभर सरकवावी, नाहीतर एकदम चार-पाच किलोमीटर लांब न्यावी आणि दोन-तीन आठवड्यांनी हव्या त्या जागी परत आणावी. अधलंमधलं काही चालत नाही.

मंडळींची खरी ताकद मी पाहिली ती गांधीलमाशी आली तेव्हा. गांधीलमाशी पेटीच्या दाराशी घिरट्या घालते आणि परतणारी माशी हवेतच धरून नेते. त्या दिवशी ती धीट होऊन थेट दाराच्या फळीवर उतरली. क्षणात आतून माश्या लोटल्या आणि ती दिसेनाशी झाली. फळीवर माश्यांचा एक गच्च गोळा उरला, थरथरणारा. नांगी मारायचं चिन्ह नाही, नुसत्या चिकटून पंखांचे स्नायू हलवत होत्या. बऱ्याच वेळाने गोळा सुटला तेव्हा गांधीलमाशी पाय आखडून मेलेली होती. आपल्या सातेरीच्या जपानी भावंडांवर तिथल्या संशोधकांनी मोजून पाहिलंय. गोळ्याच्या आत तापमान 46 अंशांच्या आसपास जातं. गांधीलमाशी त्यात मरते, मधमाशी त्याहून थोडं अधिक सोसते. त्या थोड्याशा फरकावर अख्खी वसाहत तरते.

पेटीचा शेवट मात्र शत्रूने केला नाही. एका फाल्गुनात माश्या दाटल्या आणि पोळ्याच्या खालच्या कडेला राणीची घरं लोंबू लागली, भुईमुगाच्या शेंगांसारखी. याचा अर्थ वसाहत फुटणार : जुनी राणी निम्म्याअधिक माश्या घेऊन निघून जाणार आणि त्या घरांतून नवी राणी येणार. अण्णांनी कुठेतरी ऐकलं होतं की ही घरं खुडून टाकली की फूट थांबते. ऐकलेलं खोटं नव्हतं, पण पेटी उघडायला त्यांना आठवडा उशीर झाला. आम्ही सगळे शेतावर असताना जुनी राणी कधीच निघून गेली होती. अण्णांनी पटाशीने एकूणएक घर खुडलं. म्हणजे त्यांनी पेटीतली शेवटची राणीच मारली. अगदी कोवळी अळी असती तर माश्यांनी तिच्यापासून घाईने दुसरी राणी घडवली असती, पण राणी जाऊन आठवडा झालेला, तेव्हा तशी अळीही उरली नव्हती.

पुढचं हळूहळू दिसत गेलं. राणी नसली की कामकरी माश्याच अंडी घालू लागतात. एकेका कोठ्यात दोन-दोन, तीन-तीन, कशीही चिकटवलेली. नराशी मीलन न झालेल्या माशीच्या अंड्यातून फक्त नर निपजतात आणि नर काम करत नाहीत. पोळ्यावर जिकडेतिकडे नराच्या कोठ्यांची उंचवट झाकणं दिसू लागली, प्रत्येकाच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढं भोक. सातेरीत नराचा कोठा याच भोकावरून ओळखतात. ते बघून मधपाळ म्हणाले, ‘अण्णा, आता उशीर झाला. आधी कळवलं असतंत तर माझ्या पेटीतली ताज्या अंड्यांची चौकट आणून दिली असती.’ पावसाळ्याआधी मेणकिड्यांनी पोळ्यांत जाळी विणली आणि उरल्यासुरल्या माश्याही दिसेनाशा झाल्या.

एकटी पेटी ठेवण्यातला धोका हाच. महाबळेश्वर तालुक्यातल्या मांघरला 2022 साली देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर करण्यात आलं. तिथे एकाची राणी गेली तर शेजारच्याकडून अंड्यांची चौकट आणता येते, आमच्या घरी शेजारची पेटीच नव्हती. तेव्हा कुणाला अंगणात मधमाश्या ठेवायच्या असतील तर आधी रीतसर शिका. महाबळेश्वरच्या मध संचालनालयात तसं प्रशिक्षण मिळतं. आणि पहिल्या दिवसापासून दोन पेट्या घ्या. एकीच्या पैशांची सोय असेल तर वर्षभर थांबा, पण दोनच घ्या.