व्यायामाला जागा हवी सतरंजीएवढी

व्यायाम म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दोन चित्रे उभी राहतात. एक तालमीचे : तांबडी माती, जोर-बैठका, मुद्गल. दुसरे अलीकडच्या, काचेच्या दरवाजाआडच्या जिमचे. पन्नाशी उलटलेली, नोकरी करून घर सांभाळणारी बाई या दोन्ही चित्रांत कुठेच नसते. म्हणून हा विषय आपल्या कुटुंबाच्या पानावर मांडावासा वाटला.

मला मधुमेह असल्याचे तीन वर्षांपूर्वी रक्ततपासणीत कळले. हे दुखणे माझ्या एकटीचे नव्हे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चालायला सांगितले आणि वर म्हणाले, "बाई, नुसते चालून भागणार नाही. स्नायूंना जोर पडेल असेही काही करा." रक्तातली साखर मोठ्या प्रमाणात वापरतात ते आपले स्नायू, आणि वयाबरोबर तेच झिजत जातात, हे त्यांनी समजावून सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा सल्लाही असाच आहे : मोठ्या माणसांनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा.

"दिवसभर घरकाम करतेसच की, आणखी कसला व्यायाम?" असे नणंदबाई म्हणाल्या. घरकामात श्रम आहेतच. पण त्यात तेच ते हात, तीच ती कंबर राबते. स्नायू बळकट व्हायचे तर ओझे थोडेथोडे वाढवत न्यावे लागते. घरकाम थकवते, ते ताकद वाढवतेच असे नाही.

मुलगा म्हणाला, "आई, हप्त्यावर ट्रेडमिल घेऊ." आमची खोली दहा बाय पंधराची. मिस्टरांनी टेप लावून मोजले, तेव्हा कॉट आणि कपाटाच्या मध्ये सहा फूट लांब, दोन फूट रुंद जमीन मोकळी निघाली. म्हणजे बरोबर एक सतरंजी मावेल एवढी. मग ठरवले, जे या जागेत मावेल आणि पलंगाखाली जाईल तेच सामान आणायचे.

पहिली वस्तू सतरंजी. घरातली चालते, मात्र फरशीवर ती सरकते. उभ्याने करायच्या व्यायामासाठी रबरी मॅट बरी. साधारण ६ मिलिमीटर जाडीची पुरते.

दुसरी वस्तू खुर्ची. हलकी प्लॅस्टिकची नको, लाकडी किंवा लोखंडी हवी, आणि पाठ भिंतीला टेकवून ठेवावी. हात न लावता तिच्यावर बसायचे आणि उठायचे, दहा वेळा. मांड्यांसाठी याहून स्वस्त साधन नाही. भिंतही साधनच आहे. दोन्ही तळवे भिंतीला लावून जोर काढता येतात. गुडघे-मनगटे दुखणाऱ्यांना तेच झेपतात.

तिसरी वस्तू वजन. एक लिटर पाण्याची बाटली म्हणजे एक किलो. तीच कोरड्या वाळूने भरली तर दीड किलोच्या आसपास जाते. वाण्याच्या काट्यावर तोलून घ्यावी. दहा-बारा वेळा उचलल्यावर शेवटच्या दोन वेळा जड वाटावे, एवढेच वजन योग्य. बारा वेळा सहज होऊ लागले की थोडे वाढवावे. डंबेल्स त्यानंतर घ्यावेत. उचलताना श्वास रोखू नये, रक्तदाब असणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

चौथी वस्तू रबरी पट्टा. घडी करून डब्यात मावतो आणि पाठीच्या स्नायूंना उपयोगी पडतो. उन्हात ठेवला तर रबर लवकर खराब होते. दर वेळी ताणून चीर पडली नाही ना, ते पाहावे. तुटलेला पट्टा डोळ्याला लागू शकतो.

दोरीवरच्या उड्या मी घेतल्या नाहीत. गुडघे कुरकुरतात आणि खालच्या मजल्यावर लहान बाळ आहे. ज्यांना गोळ्यांनी किंवा इन्सुलिनने साखर एकदम उतरण्याचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी आणि जवळ साखर ठेवावी. पायाची संवेदना कमी झाली असेल तर अनवाणी व्यायाम करू नये.

भगिनींनो, हे सारे सामान हजार रुपयांच्या आत आले. महाग पडला तो सकाळचा अर्धा तास. तो बाजारात मिळत नाही, घरातल्यांकडे मागावा लागतो. मी मागितला. सहा ते साडेसहा मला कुणी हाक मारायची नाही, असे ठरले. तेवढ्या वेळात मिस्टर चहा करतात, मुलगा पाणी भरतो. पहिले काही दिवस चहा गोड झाला आणि पिंप ओसंडले. पण माझा अर्धा तास मोडला नाही.

हा आग्रह धरायला कारण आहे. सासूबाईंनी आयुष्यभर कष्ट उपसले, पण शेवटची चार वर्षे त्यांना जमिनीवरून उठायला दोन माणसे लागत. कुणाला हाक मारायची लाज वाटे म्हणून त्या तहान दाबून बसत. ते मी पाहिले आहे. माझ्या गोळ्या अजून चालू आहेत, आणि त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी बंदही करू नयेत. पण आज मी जमिनीवरून कुणाचा हात न धरता उठते, पाण्याची भरलेली बादली स्वतः उचलते.

तेव्हा दुकानात जाण्याआधी घरातली जमीन मोजा, आणि जमीन मोजण्याआधी घरच्यांशी बोला. सतरंजीएवढी जागा आणि अर्धा तास, एवढा हक्क प्रत्येक बाईचा आपल्या घरावर आहेच.