क्लच नसलेली मोटार

बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला मराठी आणि इतिहास घेतलेल्या मुलाने गिअरबॉक्सच्या तेलावर लेख लिहावा, याचे कुणाला हसू आले तर त्यात नवल नाही. वार्षिकासाठी काहीतरी लिहून द्या, असे सरांनी वर्गात सांगितले तेव्हा मीसुद्धा आधी पावसावरच लिहावयाचे ठरविले होते. दोन पाने लिहिलीही. पण वाचून पाहिले तर त्यातला पाऊस माझा नव्हता, पाठ्यपुस्तकातला होता. ती पाने फाडून टाकली आणि गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या अंगणात जे घडले ते लिहावयास बसलो.

आमचे गाव रोहा तालुक्यात. निडी, नागोठणे, कासू आणि मग पेण, हा माझा रोजचा रेल्वेचा रस्ता. घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. तात्या, म्हणजे माझे वडील, सातवीपर्यंत शिकले आणि पुढे तेवीस वर्षे त्यांनी टेम्पो चालविला. गणपतीच्या आधी दोन महिने पेण, हमरापूरकडच्या मूर्ती मुंबई-ठाण्याला पोहोचवायच्या, आणि एरवी विटा, भात, आंब्याच्या पेट्या, मिळेल ते. मूर्ती भरलेला टेम्पो चालविणे म्हणजे झोपलेले मूल कडेवर घेऊन जत्रेतून वाट काढणे, असे ते म्हणतात. ब्रेक दाबायचा तोही मूर्तीला कळता कामा नये. त्यात २०११ साली महामार्गाच्या पळस्पे-इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण सुरू झाले, आणि ते किती रेंगाळले हे या भागातल्या माणसाला सांगावयास नको. वडखळ नाक्यावर तासन् तास क्लच दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. तात्यांचा डावा गुडघा त्यातच गेला. डॉक्टरांनी सांगितले, आता क्लच दाबायचा नाही. दोन वर्षांपूर्वी टेम्पो विकला.

त्याच सुमारास ही मोटार आली. मुंबईच्या एका कुटुंबाचा आमच्याकडे बंगला आहे, त्याची देखभाल तात्या करतात. त्या बंगल्यात आंब्याखाली एक जुनी ऑटोमॅटिक मोटार उभी असे. पायाशी दोनच पेडल, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. डाव्या पायाला काही कामच नाही! तात्यांनी ती एका म्हशीच्या किमतीत घेतली. पंधरा वर्षे उलटलेली असल्याने पुन्हा नोंदणी करावी लागली, हिरवा कर भरावा लागला, पण तिच्यामुळे आमचे घर पुन्हा चालू लागले. आई आणि शेजारच्या चारजणी पापड, मिरगुंडे, फेण्या करतात. तो माल तात्या पेण आणि रोह्याच्या दुकानांत पोहोचवितात. माझी फी, रेल्वेचा पास, आजीची औषधे हे सारे त्या पापडांच्या डब्यांतून येते, आणि डबे मोटारीतून जातात.

गणपतीनंतर मोटार बिघडू लागली. दांडा ‘डी’वर आणला की दोन-तीन सेकंद काहीच होत नसे, मग मागून कुणी लाथ मारावी तसा हिसका बसे. चढावर इंजिन नुसते ओरडे, चाके मात्र आपल्याच चालीने. एका गॅरेजमध्ये दाखविले. तिथे सांगितले की गिअरबॉक्स उतरवावा लागेल, साठ हजार तरी धरा. दुसऱ्या ठिकाणचा मिस्त्री म्हणाला, “तेल मात्र बदलू नका हां. जुन्या तेलानेच तिला धरून ठेवलंय. नवीन घातलंत की उभीच राहील.” तात्या काही बोलले नाहीत. त्या रात्री आई डब्यातले पैसे दोनदा मोजताना दिसली. दोनदा मोजल्याने ते वाढणार थोडेच होते.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी मोटारीच्या खणातून एक पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. आधीचा मालक नीटस माणूस असावा. पिशवीत गाडीचे इंग्रजी पुस्तक होते, आणि दुरुस्तीच्या मोठ्या ग्रंथातल्या काही पानांच्या झेरॉक्स होत्या.

“तू विंग्रजी शिकतंस ना? वाच.”

मराठी माध्यमातून बारावी झालेल्या मुलाचे इंग्रजी कसे असते हे आपणांस ठाऊक आहे. मी शब्दकोश घेऊन बसलो. मोबाइलवर चित्रफिती पुष्कळ सापडल्या, पण त्या परदेशातल्या, आणि दुसऱ्याच गाड्यांच्या. दोन रात्री त्या पानांवर घालविल्या. इतिहासाच्या कोणत्याही प्रकरणावर मी इतका वेळ घालविलेला नाही, हे लिहिताना जरा संकोच वाटतो.

आधी मलाच कळेना की क्लच नाही तर इंजिनची ताकद चाकांकडे जाते कशी. पुस्तकात आकृती होती. एका बंद डब्यात समोरासमोर दोन पंखे, मध्ये तेल. इंजिन एक पंखा फिरवते, तो तेल फेकतो, आणि त्या तेलाच्या माऱ्याने दुसरा फिरतो. दोघे एकमेकांना चिकटलेले नाहीत, म्हणून गाडी उभी असतानाही इंजिन चालू राहू शकते. मी हे तात्यांना सांगितले तेव्हा ते चटकन म्हणाले, “म्हंजे भिऱ्यासारखा.” अगदी तसेच! मुळशीचे पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजघरात चाके फिरविते आणि मग कुंडलिकेतून आमच्या गावावरून जाते. १९२७ पासून हे चालू आहे. मुळशीचा सत्याग्रह आम्ही इतिहासाच्या तासाला शिकलो, पण त्या पाण्याची जात गिअरबॉक्समध्ये भेटेल असे वाटले नव्हते. पुढे वाचताना कळले की ही युक्ती हर्मान फ्योटिंगर नावाच्या जर्मन अभियंत्याची आहे. तो जहाजांच्या कारखान्यात होता. पंप आणि टर्बाइन एकाच डब्यात बसविण्याचे पेटंट त्याने १९०५ साली घेतले. मोटारीत अशी पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सर्रास मिळू लागली ती पुढे अमेरिकेत, १९४० च्या मॉडेलपासून.

तेव्हा हे तेल म्हणजे नुसते वंगण नव्हे. ते ताकद पोहोचविते, आपल्या दाबाने आतल्या क्लचच्या चकत्या आवळते (क्लच असतोच, फक्त तो पायाने दाबावा लागत नाही), आणि सगळ्यांना थंड ठेवते. रंगाने ते लाल असते, इंजिनच्या तेलाशी गल्लत होऊ नये म्हणून मुद्दाम रंगविलेले. आणखी एक गोष्ट वाचून मी पुस्तक मिटूनच बसलो. एके काळी अमेरिकेत या तेलात स्पर्म व्हेल माशाचे तेल मिसळीत. १९७० नंतर त्या माशाला कायद्याचे संरक्षण मिळाले, तेव्हा कारखान्यांना दुसरे काही शोधावे लागले. मासा म्हणतो खरे आपण त्याला, पण तो आपल्यासारखाच सस्तन प्राणी. असो.

‘तेल बदलू नका’ या म्हणण्यात थोडे तथ्यही आहे. चकत्या पार झिजल्या असतील तर जुन्या तेलातल्या भुकटीच्या आधारावरच त्या एकमेकींना धरीत असतात. तसे असेल तर नवे तेल घालून गाडी उभीच राहायची. पण तसे नसून नुसता फिल्टर चोंदला असेल तर? बाहेरून कळावयास मार्ग नव्हता. तात्या दोन दिवस विचार करीत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “उघरून बगू.” मी मुंबईला ऑपेरा हाउसकडच्या सुट्या भागांच्या बाजारात जाऊन फिल्टर, चेंबरचे पॅकिंग आणि पुस्तकात लिहिलेल्या जातीचेच पाच लिटर तेल घेऊन आलो.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागलो. गाडी थोडी फिरवून तेल कोमट केले, म्हणजे ते गाळासकट उतरते. मी पुढच्या चाकांखाली विटा रचू लागलो तेव्हा तात्यांनी त्या लाथेने उडविल्या. वीट कधी फुटेल याचा नेम नसतो, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर मोटारीखाली जाणारा माणूस शहाणा नव्हे. त्यांनी सागाचे चार ओंडके आणून चारी बाजूंना लावले, गाडी हलवून पाहिली, आणि मग खाली सरकले. गुडघा दुमडत नव्हता. डावा पाय ताठ ठेवून ते पाठीवर सरकत गेले. मी बाहेर पुस्तक घेऊन बसलो. मी वाचायचे आणि त्यांनी करायचे, असे ठरले होते.

तेल आले ते काळसर, आणि जळकट वासाचे. मापून पाहिले, साडेतीन लिटरला थोडे कमी. तेवढेच परत घालावयाचे म्हणून मी ते वहीत लिहिले. मग चेंबरचे बोल्ट. एका कोपऱ्यातले दोन सैल ठेवून बाकीचे काढले, चेंबर एका बाजूला कलला, उरलेले तेल घमेल्यात पडले. चेंबरच्या तळाशी लोहचुंबक असते, त्यावर करड्या रंगाचा लेप होता. तात्यांनी तो दोन बोटांत चोळला. मी श्वास रोखला होता. लोखंडाचे तुकडे, कपच्या निघाल्या असत्या तर सारेच संपले होते. नुसता लेप होता, दंतमंजनासारखा मऊ. एवढा झिजेतून येतोच, असे पुस्तकात होते. जुना फिल्टर मात्र पार माखला होता.

आई पुसायला सुती चिंधी घेऊन आली. मी ती परत दिली, कारण एक धागासुद्धा आत जाता कामा नये. तिने मग आपली जुनी नायलॉनची साडी फाडली. “बगा, आता साडीपन शिकून आलाय,” म्हणाली.

आणि इथे मी चुकलो. पुस्तकात लिहिले होते, जुना फिल्टर त्याच्या सीलसह काढा. ‘सील’ म्हणजे लाखेची मोहोर, एवढेच मला ठाऊक. मी तो शब्द गाळून टाकला आणि नवा फिल्टर बसवा असे सांगितले. तात्यांनी तो वर लावला, पण नीट बसेना. मी म्हणालो, “जरा जोर द्या.” त्यांनी जोर दिला नाही. फिल्टर पुन्हा काढून वरच्या भोकात करंगळी घातली, आणि क्षणभराने एक काळी रबरी रिंग बाहेर आली. जुनी रिंग तिथेच चिकटून राहिली होती! ती तशीच राहिली असती तर नवा फिल्टर वेडावाकडा बसून तेलाबरोबर हवा ओढली गेली असती, आणि जिला वाचवावयाला बसलो होतो ती गिअरबॉक्स आम्हीच संपविली असती. मी कबूल केले की तो शब्द मला कळला नव्हता. तात्या गाडीखालूनच म्हणाले, “कललं नाय तर कललं नाय म्हनायचा.” एवढेच. त्यांनी आवाजही चढविला नव्हता, पण मला ते फार लागले.

पॅकिंग बसवून त्यांनी बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळले. नरसाळ्याने तेल घातले. ओंडके काढून गाडी सपाट जागी आणली. खरे भांडण तिथे झाले. तात्यांनी इंजिन बंद करून तेलाची पट्टी काढली. तेल खुणेच्या बरेच वर. “जास्त झाला. काडून टाकू,” म्हणून ते पुन्हा ओंडक्यांकडे निघाले.

मी म्हणालो, “तात्या, इंजिन चालू ठेवून बघायचं असं लिहिलंय.”

“तेवीस वर्सां गारी चालवली मी. तेल इंजिन बंद करूनच बगतान.”

टेम्पोच्या बाबतीत ते खरेच होते. आणि अर्ध्या तासापूर्वी मी एक शब्द गाळून सारे घालविण्याच्या बेतात होतो, तेव्हा माझ्यावर कुणी का विश्वास ठेवावा? माझे मलाच खात्रीने सांगता येईना. मी ते वाक्य पुन्हा काढले. प्रत्येक शब्द शब्दकोशात पाहिला, ठाऊक असलेलेसुद्धा. इंजिन चालू, हातब्रेक ओढलेला, ब्रेकवर पाय, दांडा प्रत्येक जागी एकेकदा नेऊन परत ‘पी’वर, आणि मग पट्टी. मी ते मोठ्याने इंग्रजीत वाचले, मग मराठीत. तात्या म्हणाले, “परत वाच.” परत वाचले. शेजारची दोन माणसे कुंपणाशी येऊन उभी राहिली होती, त्यांच्यादेखत मुलाचे ऐकणे तात्यांना जड जात होते हे मला दिसत होते.

ते गाडीत बसले, इंजिन चालू केले, दांडा सगळीकडे फिरविला. मी पट्टी काढून पुसली, पुन्हा घातली, काढली. तेल खालच्या खुणेलाही पोहोचत नव्हते. इंजिन चालू झाल्यावर पंप ते तेल त्या पंख्यांच्या डब्यात आणि नळ्यांत खेचून घेतो, बंद असताना ते खाली उतरते, म्हणून पट्टी भरलेली दिसते. आम्ही तेल काढले असते तर गाडी गावाच्या वेशीपर्यंतही गेली नसती. पट्टी तात्यांना दाखविली. त्यांनी नुसते नरसाळे पुढे केले.

दुपारी आईला आणि पापडांचे दोन डबे घेऊन तात्या रोह्याला जाऊन आले. ‘डी’ला लागणारा वेळ कमी झाला आहे, सेकंदभराचा असेल. चढावर ओरडत नाही. सकाळी गार असताना एक हिसका अजून बसतो, आणि तो कदाचित जाणारही नाही. खालून काढलेले तेल म्हणजे जेमतेम निम्मे. बाकीचे जुने तेल त्या पंख्यांच्या डब्यातच राहते आणि नव्यात मिसळते. म्हणून काही अंतर चालवून पुन्हा एकदा काढून घालावयाचे आहे. काढलेले काळे तेल कुंपणाच्या खांबांना फासायला शेजाऱ्याने मागितले होते. तात्यांनी दिले नाही. डबा बंद करून गॅरेजवाल्याच्या पिंपात नेऊन ओतले.

मधल्या काळात गाडी किती किलोमीटर चालली ते मी वहीत लिहितो आहे. हिशेब पाहता दुसरी बदली इतिहासाच्या पेपरच्या आदल्या रविवारी येते. तात्यांना हे मी अजून सांगितलेले नाही.