परदेशाची भीति

भित्रेपणाची कबुली देण्यास माणूस सहसा तयार होत नाहीं. आणि तो जर इंग्रजी वाङ्मयाचा प्राध्यापक असेल, तर मुळींच नाहीं. तीस वर्षें मीं विद्यार्थ्यांना वर्गांत बसल्या बसल्या डिकन्सच्या लंडनमधून हिंडवून आणलें आहे. पण माझी एकुलती एक कन्या जपानांत ओकायामा येथें संसार थाटून बसली आणि "बाबा, कधीं येतां?" असें विचारूं लागली, तेव्हां मला एकामागून एक सबबी सुचूं लागल्या. पहिल्या वर्षीं परीक्षेचे पेपर आडवे आले, दुसऱ्या वर्षीं गुडघा, तिसऱ्या वर्षीं घराची रंगसफेती. गंमत अशी कीं, ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर पुण्यांत जें पु. ल. देशपांडे उद्यान रचलें आहे, तेथें मी रोज सायंकाळीं फिरावयास जात होतों! चौथ्या वर्षीं कन्या म्हणाली, "बाबा, तुमची नात तीन वर्षांची झाली. आजोबा फोनच्या कांचेमागें राहतात असें तिला वाटतें." हें वाक्य मला लागलें.

त्या रात्रीं मी स्वतःला विचारलें, आपण भितों तें कशाला? विमानाला नव्हे, खर्चालाही नव्हे. ज्या इंग्रजीच्या बळावर मीं जन्मभर मान मिळविला, ती तेथें गल्लीबोळांत फारशी चालणार नव्हती. पाटी वाचतां येत नाहीं, दुकानांत वस्तु मागतां येत नाहीं, असा मी पंचावन्नाव्या वर्षीं पुन्हा निरक्षर होणार होतों.

अशा वेळीं आनंदीबाई जोशी आठवाव्या, हें माझ्या अभिमानास फारसें सुखावह नव्हतें. १८८३ च्या फेब्रुवारींत बंगालमधील सेरामपूर येथें त्या सभेपुढें उभ्या राहिल्या आणि आपण अमेरिकेस कां जाणार, हें त्यांनीं लोकांचे आक्षेप एकेक घेऊन सांगितलें. एप्रिलांत, अठरा वर्षें नुकतीं पुरीं झालीं असतां, पतीला मागें ठेवून त्या कलकत्त्याहून बोटीनें निघाल्या. त्यांच्यापुढें जातिबहिष्काराचें संकट होतें. माझ्यापुढें केवळ फजितीचें! भीति मोघम असते तोंवरच मोठी असते. तिला प्रश्नाचें रूप दिलें, कीं उत्तर शोधतां येतें. ही युक्ति मीं त्यांच्यापासून उचलली.

दुसऱ्या दिवशीं मीं एक वही घेतली. डाव्या पानावर भीति, उजव्या पानावर उत्तर. औषधें संपलीं तर? डॉक्टरांची चिठ्ठी आणि रक्तदाबाच्या महिन्यापुरत्या गोळ्या मूळ वेष्टनांत. शाकाहाराचें काय? येथें उत्तर लांबलें. तिकडे नुसत्या भाजीच्या सारांतही बहुधा सुकविलेल्या माशाचा 'दाशी' नांवाचा अर्क असतो. म्हणून 'मांसमासे नकोत, दाशीही नको' हें वाक्य कन्येकडून जपानींत लिहवून घेतलें.

मग लिपीकडे वळलों. हिरागानाचीं ४६ अक्षरें. प्रथम आ, इ, उ, ए, ओ. नंतर का, सा, ता, ना असा क्रम पाहून मी चकित झालों. संस्कृत वर्णमालेच्या बौद्ध अभ्यासाची ती छाया आहे. क्रियापद वाक्याच्या शेवटीं, आणि विभक्तीचीं चिन्हें नामाच्या पाठीमागून, अगदीं आपल्यासारखीं! जिला मी परकी म्हणून भीत होतों, तिची वाक्यरचना इंग्रजीपेक्षां मराठीलाच जवळची निघाली.

रीतिरिवाजांचेंही तेंच. दारांत जोडे काढावे, हें आपलेंच. भातांत काड्या उभ्या रोवूं नयेत, कारण तसा भात मृतापुढें ठेवतात. हें वाचतांच मला पिंड आठवला आणि नियम पाठ करावा लागला नाहीं. शौचकूपाच्या सपाता निराळ्या असतात, त्या घालून बाहेर येऊं नये, हा सातवा नियम. त्याखालीं मीं लाल रेघ ओढली होती.

आणि तोच मी विसरलों. तेथें पोंचल्यावर तिसऱ्या दिवशीं शेजारच्या वृद्ध दांपत्यानें आम्हांला चहाला बोलाविलें. मी त्याच सपाता फटफटवीत त्यांच्या ततामीच्या खोलींत आलों. तेथें तर कोणत्याच सपाता चालत नाहींत. क्षणभर सारे स्तब्ध झाले. मग नात माझ्या पायांकडे बोट दाखवून खदखदां हंसूं लागली. ज्या फजितीला भिऊन मीं चार वर्षें घालविलीं, ती ही अशी समोर उभी राहिली. माझे कान तापले. पण वहींतलाच एक शब्द धांवून आला. 'सुमिमासेन' म्हणून मी वांकलों. आजीबाई तोंडावर हात ठेवून हंसल्या आणि त्यांनीं चहा पुढें केला.

तयारीनें चूक टळली नाहीं. पण चुकीनंतर काय करावें, तें तिनेंच शिकविलें होतें. नातीनें माझें बोट धरून मला परत नेलें, सपाता कोठें ठेवाव्या तें दाखविलें, आणि माझा उच्चार नीट नव्हता म्हणून तो शब्द माझ्याकडून तीनदां म्हणवून घेतला. तिसऱ्या खेपेस तिनें मान डोलविली. गेल्या तीस वर्षांत माझ्या वर्गांत उच्चार चुकून खालीं मान घालून बसलेलीं मुलें मला त्या वेळीं आठवलीं. त्यांच्यापैकीं कोणाला मीं असा चहा दिला होता?